सर्वांची शाळा : तिचे बळ आणि तिच्या उणिवा

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनी मंडळाच्या कामाचे कौतुक करावे असा रिवाज आहे. ते काम चिटणीसबाईंनी आपल्या अहवालात चांगले केले आहे. मला त्यांनी शाळेचा विषय दिला. माझी बरीच वर्षे जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांतून शिकविण्यात गेली, तेव्हा तो माझ्याकडे ओघानेच आला. शाळेची नुसती स्तुती करणे सोपे असते आणि नुसती निंदा करणे त्याहून सोपे असते. नव्या सुनेबद्दल पहिल्या महिन्यात सगळे गोड बोलावे आणि पुढे सगळे कडू बोलावे, तसे ते होते. आज तसे न करता, आपली शाळा कोठे बळकट आहे आणि कोठे उणी आहे, हे मी जमेल तितके सरळ सांगणार आहे. आणि त्यात आपल्या मंडळाचा काय संबंध, तेही सांगणार आहे.

‘समावेशक शाळा’ हा शब्द अलीकडे सरकारी कागदांतून फार ऐकू येतो. शब्द जड आहे, अर्थ मात्र घरगुती आहे. गावातील प्रत्येक मूल, मग ते पाहू शकणारे असो वा नसो, चालणारे असो वा नसो, पाटलाच्या वाड्यातले असो वा तांड्यावरचे, वर्षभर गावात राहणारे असो वा सहा महिने उसाच्या फडावर जाणारे, ते एकाच शाळेत, एकाच वर्गात बसून शिकेल अशी व्यवस्था, ती समावेशक शाळा.

पण ‘एकाच वर्गात’ याचा अर्थ ‘एकाच मापाने’ असा नव्हे. आपण बायका ही गोष्ट कोणत्याही अधिकाऱ्यापेक्षा चांगली जाणतो. घरात पंगत बसली आणि दात नसलेल्या आजीच्या पानात कडक भाकरी वाढून ‘मी सर्वांना सारखेच वाढले’ असे म्हटले, तर आजी उपाशीच उठेल. शहाणी गृहिणी तीच भाकरी दुधात कुस्करून देते. चूल एक, पंगत एक, भाकरीही तीच. फक्त ती आजीला खाता येईल अशी करून दिली. शाळेने मुलाच्या बाबतीत हेच करावयाचे असते.

आपल्याकडे शाळेचे दार एकदम उघडलेले नाही. ते एकेक फळी काढावी तसे उघडत आले. १८४८ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली, तेव्हा मुलीने शिकणे हेच अघटित वाटत होते. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत बसविण्याचा हुकूम काढला. वेगळी शाळा काढून देणे सोपे असते, एका बाकावर बसविणे अवघड असते, हे त्या राजाने ओळखले होते. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. कारभाराची भाषा उर्दू आणि खेड्यात शाळा विरळा. १७ सप्टेंबर १९४८ रोजी आपण मुक्त झालो. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या. गावोगावची शाळा त्यांच्या ताब्यात आली, आणि बीडसारख्या कोरडवाहू, डोंगराळ जिल्ह्यात ती बालाघाटाच्या कडेकपारीतल्या वस्त्यांपर्यंत जाऊन पोहोचली.

त्यानंतर कायदे झाले. १ एप्रिल २०१० पासून बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा अमलात आला. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ मध्ये झाला व १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. पूर्वीच्या १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, आता एकवीस आहेत. लिहिण्यावाचण्यात अडखळणे, म्हणजे ज्याला अध्ययन अक्षमता म्हणतात, तीही त्यात आली. चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. ते जवळच्या शाळेत घ्यावे की विशेष शाळेत, ही निवड मुलाकडे व त्याच्या घराकडे ठेवली आहे. जगातही वारे त्याच दिशेने वाहते. १९९४ साली स्पेनमधील सालामांका येथे अनेक देशांनी मिळून ‘शक्यतो सर्व मुले एकत्र शिकावीत’ असे जाहीर केले. इटलीने तर १९७७ मध्येच कायदा करून दिव्यांग मुलांचे वेगळे वर्ग बंद केले.

तेव्हा कायद्याने दार उघडले आहे. परंतु भगिनींनो, दार उघडे असणे आणि आत जागा असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आता प्रथम शाळेच्या बळाविषयी.

पहिले बळ हे की शाळा जवळ आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला घरापासून एक किलोमीटरच्या आत शाळा असावी, असा नियम आहे. ज्या मुलाला आई कडेवर घेऊन शाळेत सोडते, त्या आईला या एका किलोमीटरची किंमत विचारा. मोठ्या गावातील बस पाठविणारी शाळा कितीही चकचकीत असली, तरी त्या आईच्या ती कामाची नाही. पटसंख्या कमी म्हणून लहान शाळा बंद करण्याची भाषा निघते, तेव्हा हिशेबात पटाचा आकडा धरला जातो, आईची पाठ धरली जात नाही.

दुसरे बळ हे की ही शाळा नाही म्हणू शकत नाही. जन्माचा दाखला नसला तरी प्रवेश, जुन्या शाळेचा दाखला यावयाचा राहिला तरी प्रवेश, जूनऐवजी जानेवारीत आले तरी प्रवेश. मूल नऊ वर्षांचे असून कधी शाळेत गेले नसेल, तर त्याला पहिलीत छोट्यांच्या रांगेत लाजवीत बसवावयाचे नाही, वयाच्या वर्गात घ्यावयाचे आणि राहिलेले भरून द्यावयाचे. पैसे नाहीत, मुलाखत नाही. दिव्यांग मुलींना ‘समग्र शिक्षा’ योजनेतून महिना २०० रुपये विद्यावेतन ठेवले आहे. रक्कम लहान आहे, पण ‘हिला शिकवून काय करावयाचे’ असे म्हणणाऱ्या घरात ती मुलीच्या नावाने येते, याला अर्थ आहे.

तिसरे बळ पंगतीचे. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये शाळांतून शिजवलेले अन्न द्यावे असा आदेश दिला, आणि दुपारची खिचडी शाळेत शिजू लागली. ज्या गावात मोठी माणसे अजून एकमेकांच्या हातचे पाणी घेताना मनात मागेपुढे पाहतात, त्या गावात मुले रोज मांडीला मांडी लावून जेवतात. हा धडा कोणत्याही पुस्तकात नाही आणि तो रोज गिरविला जातो. ज्या मुलाचा हात थरथरतो त्याच्या ताटाला शेजारचे मूल हात लावून धरते, हे मी अनेक वर्षे पाहिले आहे. कोणी शिकवावे लागत नाही.

चौथे बळ म्हणजे स्वतः मुले. मोठ्यांना समावेशकता शिकवावी लागते, मुलांना ती आपोआप येते, फक्त आपण बिघडविली नाही तर. एका शाळेत ऐकू न येणारा एक मुलगा होता. आम्ही शिक्षक त्याच्याशी कसे बोलावे याचा विचार करीत होतो, तोवर त्याच्या वर्गाने महिन्याभरात स्वतःच्या खुणांची एक भाषा तयारही केली. गोट्यांच्या खेळात तो कोणाला ऐकत नसे. कारण हरल्यावर ऐकू येत नसल्याचा त्याला चांगलाच उपयोग करता येई!

आता उणिवांकडे वळते.

पहिली उणीव इमारतीची. शाळेत उतार बांधलेला दिसतो, म्हणजे दिव्यांगांची सोय झाली असे समजले जाते. हिशेब असा आहे की एक फूट उंची चढावयाची तर उतार निदान बारा फूट लांब हवा. पुष्कळ ठिकाणी तो चार-पाच फुटांत उरकलेला असतो. अशा उतारावर चाकाची खुर्ची चढविताना दोन माणसे लागतात आणि उतरविताना देव आठवतो. वर्गापर्यंत उतार आणि स्वच्छतागृहापर्यंत चिखल, हेही आपण पाहतो. मुलीला स्वच्छतागृहापर्यंत जाता येत नसेल, तर ती दिवसभर पाणी पीत नाही, आणि मग ‘ती दुपारीच घरी पळते’ अशी तिची तक्रार होते.

दुसरी उणीव माणसांची. पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, असा नियम आहे. म्हणजे लहान गावात दोघे मिळून पाच इयत्ता सांभाळतात. त्यात कागदपत्रे, माहिती भरणे, पोषण आहाराचा हिशेब. विशेष शिक्षक असतात, पण ते एका शाळेचे नसतात. अनेक शाळांतून फिरतात, ठराविक दिवशी येतात आणि जातात. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले की प्राथमिक शाळांत दर दहा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा. खेड्यापाड्यांत त्या प्रमाणाने माणूस दिसणे अजून दूर आहे. ब्रेल शिकविणे, खुणांची भाषा शिकविणे, ही केवळ मायेने होणारी कामे नव्हेत. त्यांना शिकलेला माणूसच पाहिजे.

काही पालक म्हणतात, ‘बाई, असे मूल वर्गात असले की आमच्या मुलांचा वेळ जातो.’ हे बोलणे ऐकून रागावू नये. एकाच शिक्षकाकडे तीन वर्ग असतील तर पालकाची काळजी अगदीच खोटी नाही. मात्र त्याचे उत्तर त्या मुलाला घालविणे हे नव्हे, शिक्षक मागणे हे आहे. शिवाय अनुभव असा की एका मुलासाठी केलेली सोय साऱ्या वर्गाला लाभते. कमी ऐकू येणाऱ्या मुलासाठी बाई फळ्याकडे तोंड करून न बोलता वर्गाकडे तोंड करून बोलू लागल्या, की मागच्या रांगेलाही समजू लागते. कमी दिसणाऱ्यासाठी अक्षर मोठे काढले, लिहिलेले मोठ्याने वाचून दाखविले, की अर्ध्या वर्गाच्या चुका कमी होतात.

तिसरी उणीव पारखण्याची. दिसणारे अपंगत्व आपल्या लक्षात येते, न दिसणाऱ्याला आपण नावे ठेवतो. फळा दिसत नाही तो ‘मठ्ठ’, ऐकू येत नाही तो ‘ऐकून न ऐकल्यासारखा करणारा’, ज्याची अक्षरे डोळ्यांपुढे उलटसुलट होतात तो ‘आळशी’. एक मुलगा दोन वर्षे शेवटच्या रांगेत ‘मठ्ठ’ म्हणून बसला होता. त्याला पुढे बसविले, चष्मा मिळाला, आणि वर्षअखेर तो इतरांची शुद्धलेखने तपासू लागला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक २०१३ पासून येते. अंगणवाडीतील मुलांना वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांना एकदा तपासावे, असा त्याचा नेम आहे. पण पथकाच्या दिवशी जे मूल गैरहजर, ते तपासणीतूनही गैरहजर. आणि नेमके तेच मूल बहुधा घरी ठेवलेले असते.

चौथी उणीव भाषेची. आपल्या जिल्ह्यात बंजाऱ्यांचे तांडे पुष्कळ. तांड्यावरचे मूल घरी आईला ‘याडी’ म्हणते आणि भाकरीला ‘बाटी’. पहिलीच्या वर्गात ते आले की त्याची सारी भाषाच चुकीची ठरते. सहा वर्षांचे मूल गप्प बसते आणि आपण म्हणतो, ते लाजाळू आहे. पहिल्या काही महिन्यांत शिक्षकाने त्याचे पन्नास-शंभर शब्द शिकून घेतले, तर त्याला मराठीकडे येण्यास पूल मिळतो. तांड्यावरच्या एखाद्या शिकलेल्या मुलीने वर्गात येऊन बसावे, एवढ्यानेही काम होते.

पाचवी उणीव मी शेवटी ठेवली, कारण ती आपल्या जिल्ह्याची खास आहे. दसरा-दिवाळी झाली की आपल्याकडून उसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो, म्हणून एकाला घरी राहता येत नाही. कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर, पार कर्नाटकापर्यंत माणसे जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. शाळेचे वर्ष जूनला सुरू होऊन एप्रिलला संपते. म्हणजे जे मूल फडावर गेले, त्याचे दुसरे सत्र अख्खे गेले. असे दोनतीन वर्षे झाले की मूल वयाने चौथीत आणि वाचनाने पहिलीत राहते.

यावर उपाय झाले आहेत, ते नाकारू नये. गावातच राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे चालतात. आईबाप गेले तरी मूल आजीआजोबांकडे राहते, शाळेत शिकते आणि सकाळ-संध्याकाळचे जेवण त्याला मिळते. मूल फडावर गेलेच, तर तेथील शाळेने त्याला घेतले पाहिजे, असा कायदा आहे. काही साखर कारखान्यांच्या परिसरात साखरशाळाही चालविल्या गेल्या. पुष्कळ मुले यामुळे गावी राहिली आणि शिकली, हे मी स्वतः पाहिले आहे.

पण येथे दोन गोष्टी एकमेकींना येऊन मिळतात, आणि त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. ज्या घरात एक मूल चालते-फिरते आणि दुसऱ्याला उचलून न्यावे लागते, भरवावे लागते, त्या घरात काय होते? धडधाकट मूल आजीजवळ राहते. दुसऱ्याचे करणे आजीच्या म्हातारपणाला झेपत नाही. वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या ताईंना एवढ्या मुलांतून त्याच्यासाठी हात मोकळा नसतो. मग ते मूल ट्रॅक्टरवर चढविले जाते आणि सहा महिने कोपीत पडून राहते. आई पहाटे फडात जाते, तेव्हा त्याच्याजवळ कोणीतरी हवे. म्हणून त्याची थोरली बहीणही शाळेतून निघते. हजेरीपटावर ती ‘स्थलांतरित’. तिच्या गैरहजेरीचे खरे कारण पटावर कोठेच नसते. एका मुलाची सोय न केल्याने दोन मुलांची शाळा जाते, आणि दुसरे मूल बहुधा मुलगीच असते.

आपला जिल्हा मुलींच्या बाबतीत काय करून बसला आहे, हे मी या सभेत सांगण्याची गरज नाही. २०११ च्या शिरगणतीत सहा वर्षांखालील हजार मुलांमागे आपल्याकडे ८०७ मुली होत्या. साक्षरतेत पुरुष शंभरात पंच्याऐंशीच्या वर, बायका अडुसष्टच्या आत. तेव्हा जी मुलगी जन्मली, जगली आणि शाळेच्या दारापर्यंत आली, ती भावाला सांभाळण्याकरिता परत फिरते, ही गोष्ट आपण डोळ्यांआड करू नये.

हे ऐकून कोणी म्हणेल, ‘हे सरकारने पाहावे. आमच्या मंडळाने हळदीकुंकू करावे, भजन करावे, शिवणवर्ग चालवावा.’ तेही करावेच. पण शाळेच्या कारभारात बायकांची जागा कायद्याने ठेवलेली आहे, हे आपल्यापैकी कितीजणींना ठाऊक आहे? शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि एकूण समितीत निम्म्या बायका असाव्या लागतात. दुर्बल व वंचित घरांतील पालकांनाही त्यांच्या प्रमाणात जागा आहे, आणि त्यात दिव्यांग मुलांचे पालक येतात. शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते. म्हणजे उतार किती फूट लांब असावा, हे ठरविण्याचा अधिकार आपल्या हातात आहे. आणि होते काय? सभेचे रजिस्टर घरी येते, पोळपाटावरचे हात पुसून आपण सही करतो आणि रजिस्टर परत जाते. सभा झाली! ज्या खुर्चीसाठी आपल्या आधीच्या बायकांनी शेणमाती सोसली, त्या खुर्चीवर आपण बसतही नाही, फक्त सही पाठवतो.

म्हणून मंडळापुढे मी पाच कामे ठेवते. यांतील एकालाही मोठा पैसा लागत नाही.

पहिले काम यादीचे. दसऱ्यापूर्वी आपल्या आळीतील, वस्तीतील, शेजारच्या तांड्यावरील मुलांची यादी करावी. कोणते मूल टोळीबरोबर जाणार, कोणते राहणार, कोणते घराबाहेरच काढले जात नाही. शिक्षकाला घर बाहेरून दिसते, आपल्याला आतून दिसते. लाजेपोटी आतल्या खोलीत ठेवलेले मूल शेजारणीला ठाऊक असते. ती यादी मुख्याध्यापकांकडे द्यावी.

दुसरे काम समितीचे. आपल्यापैकी ज्या सभासद आहेत त्यांनी घरी सही करू नये, शाळेत जाऊन बसावे आणि दर सभेला तीन प्रश्न विचारावेत. या महिन्यात कोण आले नाही व का आले नाही? प्रत्येक मुलाला वर्गापर्यंत आणि स्वच्छतागृहापर्यंत स्वतः जाता येते का? विशेष शिक्षक कधी आले आणि त्यांनी काय सांगितले? एवढे तीन प्रश्न वर्षभर न चुकता विचारले, तर उत्तर तयार ठेवण्याची सवय लागते.

तिसरे काम सोबतीचे. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व ओळखपत्र मिळाल्याशिवाय पुष्कळशा सवलती मिळत नाहीत. त्यासाठी अर्ज भरावा लागतो, जिल्हा रुग्णालयात तपासणीस जावे लागते. आष्टीकडच्या किंवा धारूरकडच्या बाईला मुलाला घेऊन बीडला यावयाचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडाली, आणि खिडकीपाशी कागद कमी पडला तर दुसरा दिवसही बुडाला. आपल्यातील जी लिहितीवाचती आहे, तिने अर्ज भरून द्यावा, कागद आधी पाहून घ्यावेत, आणि शक्य तर बरोबर जावे. प्रमाण चाळीस टक्क्यांखाली आले म्हणून निराश होऊ नये. सवलत नसली तरी पुढच्या बाकावर बसण्याला प्रमाणपत्र लागत नाही.

चौथे काम हंगामाचे, आणि तेच सर्वांत मोठे. ज्या घरातील दिव्यांग मूल सांभाळण्यास कोणी नाही म्हणून फडावर जाते, त्या मुलासाठी आपण पाळी लावावी. मंडळात वीसजणी आहोत असे धरले, तर रोज दोघीजणींनी दोन-दोन तास दिले तरी एकीची पाळी दहा दिवसांनी येते. सकाळी त्याचे आवरून शाळेत पोहोचविणे, दुपारी पंगतीला भरविणे, संध्याकाळी आजीला हात देणे. रात्रीचे काय, औषधपाण्याचे काय, हे प्रश्न आहेत, आणि ते आजीशी, शिक्षकांशी व आशाताईंशी बसूनच ठरवावे लागतील. सगळीच मुले अशी राहू शकतील असे मी म्हणत नाही. काहींना आईपासून दूर ठेवणे योग्यही नव्हे. पण एका गावात एक मूल जरी राहिले, तरी त्याची बहीणही राहते. एका पाळीत दोघांची शाळा वाचते.

पाचवे काम फुकटचे आहे आणि म्हणूनच अवघड आहे. ते जिभेचे काम. लंगड्या, तोतऱ्या, आंधळ्या, वेडी, ही नावे मुले शाळेत शिकत नाहीत. ती ओट्यावर, पाणवठ्यावर, आपल्या तोंडून ऐकतात आणि दप्तरात घालून शाळेत नेतात. ज्याला आईबापांनी नाव ठेवले आहे, त्याला त्याच नावाने हाक मारावी. मंडळाने एवढा एक नियम पाळला, तरी शाळेचे अर्धे काम हलके होईल.

भगिनींनो, गावात सप्ताह होतो, तेव्हा शेवटच्या दिवशी महाप्रसादाला कोणी उपाशी राहिले नाही ना, हे आपण दारोदार जाऊन पाहतो. ‘अमक्याच्या घरचे आले का, म्हातारीचे ताट घरी पाठविले का,’ असे विचारतो. तेव्हा आपण सरकारची वाट पाहत नाही. शाळेच्या बाबतीतही तोच प्रश्न विचारावयाचा आहे : कोण आले नाही? शाळेत किती मुले आली हे रजिस्टर सांगते. कोण यावयाचे राहिले, हे सांगणारे माणूस गावात असावे लागते. ते काम आपल्या मंडळाने अंगावर घ्यावे, अशी माझी विनंती आहे.

पुढील वर्धापनदिनाच्या अहवालात शिवणवर्ग आणि हळदीकुंकवाबरोबर एक ओळ वाढलेली असावी. यंदा आपल्या भागातील इतकी मुले फडावर न जाता शाळेत राहिली, अशी ती ओळ असेल. आकडा एकचा असला तरी चालेल. चिटणीसबाईंनी तो लिहिण्यासाठी जागा सोडून ठेवावी.